दोन हजार एकशे चाळीस चेहरे

मॅडमनं कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडं फिरवला आन् विचारलं, "हे सगळे तुम्हीच ना?"

मी वाकून बघितलं. पडदाभर माझंच तोंड. बारक्या बारक्या चौकोनांत, ओळीनं. मॅडमनं बोटानं चाक फिरवलं तशी खालनं आणखी तोंडं वर आली, आणखी फिरवलं की आणखी. झोपेतनं उठलेलं, दाढी वाढलेलं, गालात घास धरलेलं, एका डोळ्यावर साबणाचा फेस असलेलं. खरं सांगतो, मला आधी भ्या वाटलं न्हाई, लाज वाटली. माणूस येवढा केविलवाणा दिसतो आन् त्याला कुणी सांगत बी न्हाई! "किती हाईत हे?" मी विचारलं. मॅडम म्हणाल्या, "दोन हजार एकशे चाळीस. चौदा महिन्यांतले." अठ्ठावन्न वर्षांत माझे फोटो निघाले असतील चार-पाच. लग्नातला एक, त्यात माझे डोळे मिटलेले आन् गिताबाई फोटोवाल्याकडं रागानं बघतीया. लायसनचा एक, आधारचा एक. बास. आन् हितं शिरूरला परिवहन खात्यानं सुनावणी लावली, तर एका परक्या बाईच्या टेबलावर माझी दोन हजार तोंडं मांडून ठेवल्याली. पंखा फिरत होता, बाहेर कुणीतरी शिपायाशी हुज्जत घालत होतं, आन् मी आपला माझ्याच तोंडांकडं बघत बसलो.

"म्हस्कू धुळा कोळपे," मॅडमनं कागदावरनं नाव वाचलं. आवाज वाईट न्हवता त्यांचा. दमलेला होता. "यातल्या एकाही फोटोत तुम्ही गाडीत बसलेले नाही. कुठं गोठा दिसतो, कुठं न्हाणी, कुठं दवाखान्याचा पडदा. आणि जोडवाट कंपनीच्या नोंदीप्रमाणं तुम्ही रोज वीस-एकवीस तास गाडी चालवताय. नव्या नियमात बाराच्या वर परवानगी नाही. मला एवढंच सांगा, गाडी कोण चालवत होतं?" मग त्यांनी पेन खाली ठेवला आन् सरळ सांगितलं. नावं दिली तर मला नुसता दंड, लायसन राहील. ज्यांची नावं देईन त्यांच्या गाड्या जप्त व्हतील आन् त्यांना पुन्हा परमिट मिळायचं न्हाई. नावं न्हाई दिली तर माझं लायसन कायमचं रद्द, आन् फसवणुकीचा गुन्हा वेगळा. दोन्ही वाटा त्यांनी अशा सांगितल्या जसं बाजारात बाई दोन भाज्यांचे भाव सांगती.

आता हे मॅडमला कसं सांगावं, की ही फसवणूक न्हवती? आमच्या डोक्यात तरी न्हवती. दौंड स्टेशनच्या बाहेर आमचा स्टँड हाय. अकरा व्हॅन, सगळ्या पांढऱ्या. दौंडहून शिरूर, तिथनं रांजणगाव, शिक्रापूर. कंपनीची माणसं डेमू लोकलमधनं उतरली की आमच्या गाडीत. स्टँडला मालक न्हाई, स्टँडला नंबर हाय. ज्याचा नंबर त्याची गाडी भरायची, दुसऱ्यानं हात लावायचा न्हाई. एखादा आजारी पडला तर त्याचा नंबर दुसरा चालवतो आन् पैसं त्याच्या घरी पोचवतो. एकाचा जॅक सगळ्यांचा जॅक, एकाची स्टेपनी सगळ्यांची स्टेपनी. तीस वर्षं असंच चाललं. मी त्यात सगळ्यात जुना, म्हणून मामा. पोपटराव तेवढे आप्पा. आप्पांच्या स्वतःच्या तीन व्हॅन, सोसायटीत वजन, तालुक्याला ओळख. काम असलं की ते मला मामा म्हणायचे, न्हाईतर म्हस्क्या. मला त्याचं काय वाटायचं न्हाई, असं मी स्वतःला सांगायचो. मग ते 'जोडवाट' आलं. मोबाईलवर सीट बुक करायची, चार जणांनी मिळून एक गाडी. अरे, ते तर आम्ही कवाचं करतोय! पण लोकांना ते मोबाईलवर पाहिजे होतं. वर सरकारनं नियम काढला, की अशी सीट भरून न्यायची तर नोंदलेल्या कंपनीतनंच न्यायची, एक चालक, एक गाडी, एक खातं. सुटी गाडी सापडली की पंचवीस हजार दंड. अकरा जणांची कागदं काढून बघितली. कुणाचा विमा संपलेला, कुणावर जुनी केस, कुणाचं पासिंग राहिलेलं, शंभूचं, म्हंजी माझ्या पोराचं, लायसनच सहा महिने निलंबित. धुतल्या तांदळासारखी कागदं एकाचीच निघाली. माझी.

चहाच्या टपरीवर बैठक झाली. आप्पा म्हणाले, "मामा, तुम्ही फक्त चेहरा द्या. बाकी आपण नंबरनं चालवू." सगळे माझ्याकडं बघायला लागले आन् मला, देवाशपथ, छाती फुगल्यासारखं झालं. आम्हाला वाटलं, खातं म्हंजी काय, नंबरच की! नंबर जसा सगळ्यांचा तसं खातं सगळ्यांचं. एक मोबाईल घ्यायचा, ज्याची पाळी त्याच्या गाडीत तो मोबाईल. गिऱ्हाइकाला वाटायचं म्हस्कू कोळपे आला, आन् यायचा दुसराच. सुरुवातीला बिहारची पोरं म्हणायची, "भैया, इसमें तो बुड्ढे का फोटो है." शंभू म्हणायचा, "बुड्ढा घर पे है, तू बैठ." हसायची आन् बसायची. चूक आमची येवढीच, की आम्ही त्या मशीनला स्टँड समजलो.

आन् ते मशीन दर चार तासांनी चेहरा मागायचं. अर्ध्या तासात दाखवला न्हाई तर बंद. माझं घर न्हावऱ्याच्या अलीकडं, रस्त्याला लागून, दौंड-शिरूरच्या बरोबर मधी. म्हणून ठरलं, मामानं घरी थांबायचं. गाडी यायची, करकचून ब्रेक, "मामा, तोंड!" मी जिथं असंल तिथनं पळत यायचो. पुढं पुढं मी पळणं सोडलं, तेच आत यायला लागले. जेवताना ताटावर मोबाईल. न्हाणीत मोबाईल. गिताबाई एकदा म्हणाली, "आता माझ्या शेजारी झोपल्यावर बी आणा म्हणावं." पहाटेच्याला आणायचे की, तिला काय ठाऊक, ती उठायच्या आत निघून जायचे. माझी स्वतःची गाडी शंभू चालवायला लागला. माझा नंबर तो चालवायचा. अकरा माणसांत कागदं धड असलेला मी एकटा, आन् चौदा महिने स्टेअरिंगला हात न लावलेला बी मी एकटाच. करा हिशेब. घर सोडून कुठं जायची सोय न्हाई. मेहुण्याच्या पोरीच्या लग्नाला न्हाई गेलो. वढूला बलिदान दिनाला दरवर्षी माणसं नेत होतो, स्वतःच्या गाडीनं, ते बी बंद झालं. रस्त्याकडंला बाजंवर बसून मी माझीच गाडी जाताना बघायचो, आन् गाडीत बसलेल्यांच्या मोबाईलमधी मीच गाडी चालवत असायचो. माझा बाप मेंढरं राखायचा. दोनशे मेंढरं तोंडावरनं ओळखायचा, त्यातलं एक परक्या वाड्यात गेलं तरी अंधारात जाऊन नेमकं तेच काढून आणायचा. त्याच्या पोराला आता मशीन ओळखायचं. आन् मशीननं ओळखलं की माणसं ओळख सोडायची, मोबाईल खिशात, आन् चालली गाडी. "मामा, बरं हाय का" म्हणायला बी कुणी थांबायचं न्हाई.

"हा फोटो," मॅडम म्हणाल्या. त्यांनी एक चौकोन मोठा केला. माझं तोंड, मागं नदी, आन् नदीच्या काठाला बसलेली माणसं, सगळ्यांची डोकी तुळतुळीत. "हे काय आहे?"

मला वाटलं होतं, ह्यो फोटो न्हाई निघायचा. दोन हजारात एक, कुठं सापडतोय. "आईचा दहावा," मी म्हणलं. आई माघात गेली. सिंधूबाई तिचं नाव, पण तिला नावानं हाक मारणारं कुणी राहिलं न्हवतं. दवाखान्यात होती तवा बी मोबाईल यायचा. पडद्यामागं उभा राहून मी तोंड दाखवायचो आन् परत तिच्या पायाशी जाऊन बसायचो. एकदा तिनं विचारलं, "कोण आल्तं रं?" मी म्हणलं, गिऱ्हाईक. ती गेली त्याच्या आठव्या दिवशी आप्पा घरी आले. टोपी काढून बसले, आईचं चांगलं बोलले, चहा घेतला. मग म्हणाले, "मामा, राग मानू नका. पण मिशी आन् केस तेवढे राहू द्या. चेहरा बदलला तर मशीन घ्यायचं न्हाई. अकरा घरांचा प्रश्न हाय." मी शंभूकडं बघितलं. मला वाटलं, नातू हाय, म्हातारीनं अंगाखांद्यावर खेळवलेला, काय तरी बोलल. तो म्हणाला, "आबा, आज्जीला आता काय कळतंय." त्यावरनं मी त्याला आजपर्यंत बोल लावला न्हाई.

भीमेच्या काठाला भावाभावांनी डोकी काढली, पुतण्यांनी काढली, लांबच्या चुलत्यांनी सुद्धा काढली. थोरला मी, आन् मी मिशीला पीळ असलेला तसाच बसलो. न्हावी वस्तारा धुऊन माझ्याकडं आला, मी मान हलवली, त्याला वाटलं मी रडतोय म्हणून थांबला, मग परत आला. पिंड ठेवला. कावळे आले, लांब बसले. अर्धा तास झाला, तास झाला, शिवंनात. कुणी म्हणालं नातवंडांचं नाव घ्या, कुणी म्हणालं धाकट्याला सांभाळू म्हणा. सगळी वचनं दिली. माझी बहीण मालन, तोंडानं फटकळ, ती सगळ्यांसमोर म्हणाली, "कावळा कशाला शिवल? लेकानं आईला केस दिलं न्हाईत, आन् वचनं देतोय!" माणसं खाली बघायला लागली. आन् बरोबर तवाच वर रस्त्यावर ब्रेक वाजला. करकचून. सत्यजीत, आप्पांचा धाकटा पोरगा, चप्पल हातात घेऊन वाळूतनं पळत आला. निदान चप्पल काढली त्यानं. "मामा, दोन मिनिटं राहिलीत." मी उठलो. पिंडाकडं पाठ केली आन् मोबाईलकडं तोंड केलं. ते हे तोंड. मॅडमच्या टेबलावरचं. त्यात मी रडत बी न्हाई, मशीन रडकं तोंड घेत न्हाई म्हणून मी तोंड सरळ केलंय, नीट बघितलं तर दिसतं. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आन् विधी उरकला. मालन त्या दिवसापासनं माझ्या दारात आली न्हाई.

हे सगळं मी मॅडमला सांगितलं न्हाई. म्हणलं, "मीच चालवत होतो." "एकवीस तास?" "व्हय." "आणि आईच्या दहाव्यालाही?" मॅडमनं तो चौकोन परत बारका केला. म्हणाल्या, "कोळपेमामा, तुम्ही स्टँड वाचवताय हे मला कळतं. पण माझ्या नियमात स्टँड असा शब्दच नाही. चालक आहे, वाहन आहे, कंपनी आहे. स्टँड कुठंच नाही." आन् मग त्यांनी फाईलमधनं एक कागद काढून माझ्यापुढं सरकवला. "हे परवा आलंय. वाचा." आप्पांच्या लेटरहेडवर होतं. खाली सही करणार आम्ही सर्व वाहनचालक, असं सुरू होतं. म्हस्कू कोळपे यांनी आमच्या अपरोक्ष खातं काढलं, त्यांच्या गैरव्यवहाराशी आमचा संबंध न्हाई, त्यांना स्टँडवरून कमी केलेलं हाय. खाली दहा सह्या. शंभूची सही मला लांबनं ओळखू आली. चौथीत असताना मीच त्याला ती गिरवायला शिकवली होती. आपलेच दात आन् आपलेच ओठ, काय बोलणार? मी कागद घडी करून परत दिला. मॅडम म्हणाल्या, "तुमचा जबाब मी आज पाच वाजेपर्यंत बंद करत नाही. हा माझा नंबर. फोनवर नावं सांगा, सही उद्या या करायला." कागदाच्या कपट्यावर नंबर लिहून दिला. मी तो खिशात टाकला, पण फेकून द्यायचा म्हणूनच टाकला. आईशप्पथ.

बाहेर शंभू गाडी लावून उभा होता. माझीच गाडी. मी बसलो, त्यानं चावी फिरवायच्या आधी विचारलं, "आबा, आमची नावं घेतली का?" तुमचं काय झालं, असं न्हाई. पाणी पिता का, असं बी न्हाई. मी म्हणलं, "न्हाई." त्यानं येवढा मोठा श्वास सोडला की काचंवर वाफ आली. मग गाडी चालवायला लागला आन् चांगली चालवतो तो, माझ्यासारखी, वळणावर गिअर न बदलता. मी बाहेर उसाकडं बघत माझी मलाच समजूत घालत होतो. तरणा हाय. दोन लेकरं हाईत. गाडीचे हप्ते हाईत. त्याच्या जागी मी असतो तर काय केलं असतं? सही केली असती. केली असती का? बापाविरुद्ध? माझा बाप कोकणात मेंढरं घेऊन जायचा तवा वाटेत एका पाटलानं मेंढरू चोरल्याचा आळ घेतला होता, आन् मी आठ वर्षांचा, मला बाजूला घेऊन विचारलं, खाऊ दिला. मी खाऊ खाल्ला आन् सांगितलं, न्हाई चोरलं. ते तर खरंच होतं म्हणा. खरं सांगायला काय जातंय. मला कळंना की मी कशावर चिडलोय. लायसन जाणार त्यावर न्हाई. तीस वर्षांचं लायसन गेलं तरी मी तसाबी कुठं गाडी चालवत होतो? चिडलो होतो ते ह्यावर, की मला अजून त्यांची काळजी वाटत होती.

घरी अंगणात आप्पांची मोटरसायकल. आप्पा खुर्चीत, सत्यजीत बाजंवर, माझ्या बाजंवर, नवा मोबाईल हातात. गिताबाई दारात उभी, पदर तोंडात धरून. आन् न्हाणीपाशी माझी लेक हर्षदा, ओल्या तोंडानं, टॉवेल हातात. हर्षदा तेवीस वर्षांची. गेल्या साली तिनं हट्टानं लायसन काढलं, मग फोर्कलिफ्टचा कोर्स केला, आन् रांजणगावच्या कंपनीत एक तारखेपासनं तिला ऑपरेटर म्हणून घेतलंय. आमच्या सगळ्या खानदानात नेमणुकीचं पत्र घरात आणणारी ती पहिली. ते पत्र तिनं देव्हाऱ्यात ठेवलंय.

"या मामा," आप्पा म्हणाले. मामा म्हणाले, तवाच मी समजलो. "झालं ते वाईट झालं. पण रडत बसून चालत न्हाई. पोरीचं लायसन स्वच्छ हाय. बायकांचं खातं तर एका दिवसात होतंय."

"आन् तिची नोकरी?"

आप्पा हसले. "घरबसल्या पैसं मिळत्यात की तिला! नोकरीचं काय, नंतर बघू. पोरीच्या जातीला शिफ्टची दगदग कशाला? चेहरा घरात पायजे बघा, मधी. तुमचं घर नेमकं मधी हाय."

मी शंभूकडं बघितलं. ह्या खेपेला बी बघितलं, काय करणार, बाप हाय. तो सत्यजीतकडनं नवा मोबाईल घेऊन पुसत होता, शर्टाच्या टोकानं, काच स्वच्छ दिसावी म्हणून. "थोडेच दिवस, आबा," तो म्हणाला. "माझं लायसन सुटलं की माझा चेहरा लावू." त्याचं लायसन सुटून आठ महिने झालं होतं. मला ते माहीत होतं आन् त्याला माहीत होतं की मला माहीत हाय.

हर्षदानं तोंड पुसलं. आप्पांपुढं आमच्यात पोरी बोलत न्हाईत. तिनं कपाळावरचे केस मागं घेतले आन् सत्यजीतनं सांगितलं तिथं, भिंतीपाशी, उजेडाकडं तोंड करून उभी राहिली. मला म्हणाली, "आबा, एक तारखेला जायचं न्हाई का मग मी?" असं विचारलं, जसं उद्या भाकरी करायची न्हाई का विचारावं. आन् मी दोन हजार एकशे चाळीस वेळा जसं सरळ केलं होतं तसं तिनं तोंड सरळ केलं.

मी खिशातला कपटा काढला. नंबर लावला. तीनदा वाजला, मग मॅडमचा आवाज आला, तोच, दमलेला. आप्पा खुर्चीतनं अर्धवट उठले, "मामा, कुणाला लावताय?" गिताबाईनं पदर तोंडातनं सोडला.

"मॅडम, म्हस्कू कोळपे बोलतोय," मी म्हणलं. माझा आवाज मलाच मोठा वाटला. "नावं लिहून घ्या. दहा हाईत. पहिलं लिहा, शंभू म्हस्कू कोळपे."